एका नावाचे अनेक हक्कदार

गावच्या पोस्टमास्तरांना कोणी तक्रारीचे पत्र धाडतो, तेव्हा पाकिटावर त्यांचे नाव घालीत नाही. ‘पोस्टमास्तर, अमुक गाव’ एवढे लिहिले की पुरते. आजचे पोस्टमास्तर उद्या बदलून जातील, दुसरे येतील. पत्र हुद्द्याला पोचते, माणसाला नव्हे. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, त्याचे मर्म ह्या पाकिटावरच्या पत्त्यात आहे. फरक एवढाच, की येथे हुद्दा आहे तो संगणकातील एका आज्ञेचा, आणि त्या एका हुद्द्यावर हक्क सांगणारे तीन-चार उमेदवार एकाच वेळी घरात हजर आहेत. त्यांतील कोणाला बसवावयाचे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बसविण्याचा अधिकार कोणाचा?

आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात आज संगणकच आहे. तथापि त्याच्या पोटात काय चालते हे पाहण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून आरंभी एक गोष्ट सांगून ठेवतो. युनिक्स कुळातील संगणकात प्रोग्रॅम म्हणजे एक फाईल. त्या फाईलचे नाव हीच आज्ञा. नाव टाइप केले की यंत्र ठरलेल्या फडताळांत ते नाव शोधते आणि सापडेल ती फाईल चालविते. एका फडताळात एका नावाची एकच फाईल राहू शकते. सगळ्या तंट्याचे मूळ ह्या साध्या नियमात आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. केन टॉमसन आणि डेनिस रिची ही त्याची जनक मंडळी. त्या वेळी टॉमसन ह्यांनी मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी ‘एड’ नावाचा एक संपादक-प्रोग्रॅम रचला. पडदा नव्हता, कागदाच्या गुंडाळीवर टंकित करणारे टेलिटाइप यंत्र होते. त्यामुळे एड मोठा मितभाषी. आपली आज्ञा चुकली तर तो एक प्रश्नचिन्ह छापतो आणि गप्प बसतो. काय चुकले ते आपले आपण शोधावे! अशा कडक मास्तरापाशी शिकण्याची सर्वांचीच तयारी नव्हती. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कूलूरिस ह्यांनी त्यात सुधारणा करून ‘एम’ नावाचा संपादक केला; ‘सामान्य मर्त्यांसाठीचा संपादक’ असा त्या नावाचा विनोदी अर्थ होता. तो कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात पोचला, आणि तेथील बिल जॉय नावाच्या तरुण विद्यार्थ्याने १९७६ च्या सुमारास त्यावरून स्फूर्ती घेऊन ‘एक्स’ आणि त्याचे पडदाभर दिसणारे रूप ‘व्ही-आय’ तयार केले. दहा-पंधरा वर्षांत हे दोन अक्षरी नाव युनिक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत बसले.

बोटांत बसले, हे शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहोत. नाव एकदा सवयीचे झाले की ते कर्त्याच्या मालकीचे राहत नाही. आणि नेमकी हीच अडचण उभी राहिली. व्ही-आयच्या पोटात जुन्या एडचे भाग होते, आणि त्यांवर एटी अँड टी कंपनीचा हक्क होता. परवाना नसलेल्याला मूळ व्ही-आय वाटता येत नसे. ही अडचण २००२ साली जुन्या युनिक्सचे परवाने खुले झाले तेव्हा कुठे दूर झाली. दरम्यान लोक थांबले नाहीत. स्टीवी झाला, एल्विस झाला. नेदरलँडमधील ब्राम मोलेनार ह्यांनी स्टीवीवरून ‘विम’ घडविला व १९९१ साली तो प्रसिद्ध केला. बर्कलेच्या लोकांना कंपनीच्या ओळींपासून मुक्त असा व्ही-आय हवा होता, म्हणून कीथ बॉस्टिक ह्यांनी ‘एन-व्ही-आय’ लिहिला. प्रत्येकाचे स्वतःचे नाव वेगळे, पण प्रत्येकाचा दावा एकच, की ‘व्ही-आय’ म्हणून हाक मारलीत तर मी ओ देईन.

‘ऑक’ची कथा अशीच. एहो, वाइनबर्गर आणि कर्निहन ह्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून १९७७ साली नाव पडलेली ही लहानशी भाषा. पुढे तिचे ‘गॉक’, ‘मॉक’ असे निराळ्या हातांनी लिहिलेले अवतार निघाले. मॉक अंगाने सडपातळ व चपळ, गॉक अधिक विद्यांचा. हाक मात्र दोघांनाही ‘ऑक’ हीच.

आता १९९३ सालाकडे येऊ. लिनस टोरवाल्ड्स ह्यांचा लिनक्स दोन वर्षांचा झाला होता. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयान मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी एक घोषणा केली: अनेक स्वयंसेवकांनी मिळून, उघडपणे, लिनक्सचा एक नीटनेटका संच बांधावयाचा. प्रेयसीचे ‘डेब्रा’ आणि आपले ‘इयान’ ही नावे जोडून त्याने संचाला ‘डेबियन’ म्हटले. ह्या संचाची नवी कल्पना म्हणजे पॅकेज. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या सगळ्या फायलींसह एका गाठोड्यात बांधलेला, त्याबरोबर त्याचे टाचण, आणि ही गाठोडी घरात आणणारा, मांडणारा व काढून नेणारा ‘डीपॅकेज’ नावाचा एक कारभारी. हा कारभारी प्रत्येक फाईल कोणत्या गाठोड्यातून आली ह्याची नोंदवही ठेवतो, आणि त्याचा एक नियम अत्यंत कठोर आहे: एका फाईलचा धनी एकच. दुसरे गाठोडे त्याच जागी त्याच नावाची फाईल मांडू लागले, तर तो ते काम तिथेच थांबवितो.

नियम शहाणपणाचा होता. तो नसता तर कोणी कोणाची फाईल पुसली हे कोणालाच कळले नसते. पण त्या नियमामुळेच एन-व्ही-आय, विम आणि एल्विस ह्या तिघांना ‘व्ही-आय’ हे नाव घेऊन एका घरात नांदता येईना. मग करावयाचे काय? एकच ठेवा, बाकीच्यांना मज्जाव करा, हा एक मार्ग होता, आणि डेबियनने काही ठिकाणी तो पत्करलाही. टपाल पोचविणारे जे प्रोग्रॅम आहेत त्यांच्याबाबत आजही तसेच आहे: एक्झिम असेल तर पोस्टफिक्स नाही, पोस्टफिक्स आणला तर एक्झिम बाहेर. एका यंत्राची टपालपेटी दोघांनी उघडू नये हे ठीक. पण दोन संपादक एका घरात असण्यात कोणाचे काय बिघडते? एका यंत्रावर पन्नास विद्यार्थी काम करीत असतील. त्यांतील काहींना हा हवा, काहींना तो. केवळ नावाच्या भांडणासाठी एकाला हाकलणे हा अन्याय झाला असता.

ह्या कोड्यावर तोडगा काढला तो केंब्रिजच्या इयान जॅक्सन ह्यांनी. हे दुसरे इयान. डीपॅकेजला त्याचे टिकाऊ रूप देणारे, आणि पुढे १९९८ साली ह्या प्रकल्पाचे निवडून आलेले नेते. १९९५ साली त्यांनी पर्ल भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्याय, आणि ही सगळी व्यवस्था म्हणजे पर्यायांची वही.

युक्ती अशी. गाठोड्यांनी आपापली फाईल आपापल्या स्वतःच्या नावाने मांडावी. सामाईक नाव कोणीही घेऊ नये. सामाईक नावाच्या जागी ठेवावयाची एक पाटी: ‘पलीकडे जा’. युनिक्समध्ये अशा पाटीला सिंबॉलिक लिंक म्हणतात, आणि बर्कलेच्या १९८३ सालच्या आवृत्तीपासून ती सर्वत्र रूढ झाली होती. संपादकाचे उदाहरण घ्या. आपण ‘एडिटर’ म्हणून हाक मारता. त्या नावाची फाईल नसतेच. तेथे पाटी असते, ती आपणांस ‘/एट्सी/अल्टरनेटिव्हज’ नावाच्या फडताळाकडे पाठविते. तेथे ‘एडिटर’ नावाची दुसरी पाटी, आणि ती शेवटी खऱ्या प्रोग्रॅमकडे बोट दाखविते.

एक पाटी पुरत असता दोन कशाला, असे कोणीही विचारील. आम्हांला तर ह्या सगळ्या रचनेत हीच जागा सर्वांत बुद्धीची वाटते. युनिक्सच्या घरात ‘यूएसआर’ हे मोठे दालन प्रोग्रॅमांचे, आणि ते अनेक यंत्रांत सामाईक असू शकते, केवळ वाचण्यापुरते उघडे असू शकते. ‘एट्सी’ हे दालन मात्र त्या एका यंत्राचे, त्याच्या व्यवस्थापकाचे खासगी. त्याने काय ठरविले त्याचे कागद तेथे. पहिली पाटी मोठ्या दालनात आहे, ती कधी बदलावी लागत नाही. बदलते ती दुसरी, आणि ती घरमालकाच्या स्वतःच्या कपाटात आहे. म्हणजे कोणता प्रोग्रॅम निवडावा हा निर्णय गाठोडे बांधणाऱ्याच्या हातून काढून, जागेच्या दृष्टीनेही, घरमालकाच्या स्वाधीन केला गेला.

पण प्रत्येक घरमालकाला ह्या विषयात रस असतो असे नाही. त्याने काहीच ठरविले नाही तर? त्यासाठी प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक अंक असतो. ज्याचा अंक मोठा, तो हुद्द्यावर. हे अंक पाहू लागले की एक निराळाच इतिहास दिसू लागतो. ‘एडिटर’ ह्या हुद्द्यासाठी ‘नॅनो’ ह्या सोप्या संपादकाला ४० आहेत आणि पूर्ण विमला ३०. (ह्या नॅनोचे १९९९ सालचे मूळ नाव ‘टिप’ होते, त्या नावाचा एक प्रोग्रॅम युनिक्समध्ये आधीच होता म्हणून त्याला नाव बदलावे लागले. नावाच्या तंट्याची झळ अशी सर्वांना लागते.) विमचे अभिमानी ह्या ४० आणि ३० वर कुरकुरतात, पण कारण उघड आहे. ज्याने काहीच निवडलेले नाही तो बहुधा नवखा, आणि नवख्याला विममध्ये सोडले तर बाहेर कसे पडावे हे त्याला उमगत नाही. आणि ह्या सर्वांचा पणजोबा जो एड, त्याला किती अंक असावेत? उणे शंभर! त्याच्या खाली कोणी जाऊ नये अशीच ही व्यवस्था.

ह्या अंकांना एकच एक मापही नाही, हे आम्हांला गमतीचे वाटते. ऑकच्या दरबारात गॉकला १० आणि मॉकला ५ पुरतात. तर जावा भाषेच्या दरबारात अकराव्या आवृत्तीला ११११ आणि सतराव्या आवृत्तीला १७११. तेथे अंक आवृत्तीबरोबर चढत जातो, म्हणजे नवा आला की जुना आपोआप खाली उतरतो. ऑकची गोष्ट वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु ज्या घरात केवळ मॉक होता तेथे कोणी गॉक आणून ठेवला, की ‘ऑक’ हे नाव न बोलता गॉककडे जाते. त्या यंत्रावर लिहिलेल्या आज्ञांत गॉकच्याच खास विद्या वापरल्या जातात, आणि तोच कागद दुसऱ्या यंत्रावर नेला की तेथील मॉक हात वर करतो. लेखकाची समजूत अशी, की आपण ‘ऑक’ लिहिले आहे. वस्तुतः त्याने गॉक लिहिलेले असते.

आता ह्या रचनेतील सर्वांत मोलाच्या कलमाकडे वळू. प्रत्येक हुद्द्याची स्थिती दोहोंपैकी एक असते: स्वयंचलित किंवा हस्तनिर्णीत. स्वयंचलित असेतोवर अंकांचा हिशेब चालतो. पण व्यवस्थापकाने एकदा आपल्या हाताने ‘मला विम हवा’ असे सांगितले, की तो हुद्दा हस्तनिर्णीत झाला. त्यानंतर कोणी ४० अंकांचा येवो की ४००० अंकांचा, यंत्र पाटीला हात लावीत नाही. नवी आवृत्ती आली, शंभर गाठोडी बदलली, तरी माणसाचा शब्द उभा. निवडलेला प्रोग्रॅमच घरातून काढून टाकला, तेव्हा मात्र हुद्दा पुन्हा अंकांच्या हिशेबात जातो. आपल्या हातातील उपकरणांचा अनुभव आठवून पाहा. आपण काळजीपूर्वक केलेली एखादी निवड पुढील सुधारणेबरोबर मुकाट्याने पुसली गेली, आणि बनविणाऱ्याला सोयीचे ते पुन्हा समोर आले, असे किती वेळा झाले आहे? १९९५ सालच्या त्या छोट्या प्रोग्रॅमने ही गोष्ट निषिद्ध मानली, आणि आजवर ते व्रत मोडलेले नाही.

आणखी एक बारीक सोय सांगतो. हुद्द्याबरोबर त्याचा लवाजमाही बदलला पाहिजे. ‘एडिटर’ विमकडे गेला आणि त्याच नावाची माहितीपत्रिका मात्र नॅनोची उघडली, तर वाचणारा गोंधळेल. म्हणून मुख्य पाटीला दुय्यम पाट्या बांधलेल्या असतात. मुख्य फिरली की त्याही फिरतात.

ही युक्ती इतकी उपयोगी ठरली, की एकविसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रेड हॅट ह्या प्रतिस्पर्धी संचाने ती उचलली. त्यांना पर्ल भाषेवर विसंबावयाचे नव्हते, म्हणून त्यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली. मूळ कल्पना डेबियनची हे त्यांनी आपल्या माहितीपत्रिकेत मोकळेपणाने नमूद केले. तेथे तिचा एक ठळक उपयोग टपालाच्याच प्रोग्रॅमांसाठी झाला. डेबियनने ज्यांना एकत्र राहू दिले नाही, त्या सेंडमेल आणि पोस्टफिक्स ह्यांना रेड हॅटने एका घरात ठेवून पाटी फिरविण्याची सोय केली. पुढे डेबियनचा मूळ प्रोग्रॅमही पर्लमधून सी भाषेत आला.

येथवर ऐकून कोणास वाटेल, की नावाचे सगळे तंटे ह्या पाटीने मिटतील. तसे नाही. पाटी फिरविता येते ती केव्हा, तर दोन्ही उमेदवार तेच काम करीत असतील तेव्हाच. पोस्टमास्तर बदलला तरी टपाल मिळते. त्या खुर्चीवर वैद्य बसविला तर औषध मिळेल, पण पत्र मिळणार नाही. डेबियनच्या नियमपुस्तकात हे स्वच्छ लिहिले आहे: भिन्न काम करणाऱ्या दोन प्रोग्रॅमांना एक नाव घेता येणार नाही. वाद झाला तर चर्चेने मिटवावा, आणि एकमत न झाल्यास दोघांनीही आपले नाव बदलावे.

ह्या कलमाची कसोटी ‘नोड’ ह्या नावाने पाहिली. हौशी रेडिओवाले लोक बिनतारी लहरींवरून संगणकांचे संदेश पाठवितात; त्यांचा ‘नोड’ नावाचा एक प्रोग्रॅम डेबियनमध्ये होता. वापरणारे थोडे, पण त्यांची यंत्रे दूर कोठेतरी, माणसाच्या देखरेखीवाचून चालणारी. २००९ साली रायन डाल ह्यांनी ‘नोड डॉट जेएस’ प्रसिद्ध केला, त्याचीही आज्ञा ‘नोड’, आणि थोड्याच वर्षांत त्याचे वापरणारे अगणित झाले. पाटी लावता येत नव्हती, कारण कामे भिन्न. रेडिओवाल्याच्या यंत्राने रात्री ‘नोड’ अशी हाक मारावी आणि जावास्क्रिप्टचा दुभाषा उठून बसावा, हे कोणाच्याच हिताचे नव्हते. वाद तांत्रिक समितीपर्यंत गेला, आणि २०१२ साली निर्णय झाला. रेडिओच्या प्रोग्रॅमने ‘एएक्स२५-नोड’ व्हावे. नव्याचे अधिकृत नाव ‘नोडजेएस’ असावे. आणि ज्यांना ‘नोड’ हीच हाक हवी त्यांच्यासाठी केवळ ती एक पाटी असलेले निराळे गाठोडे द्यावे. पुढे काही वर्षांनी ‘नोड’ हे नाव नव्यालाच पूर्णपणे मिळाले. बहुसंख्यांचा जय झाला, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मधल्या काळात थोड्यांना आपली दूरची यंत्रे सुधारून घेण्यास वेळ मिळाला, आणि तो त्यांना नियमाने मिळाला, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, हे आम्हांला विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. ‘एसएच’ हे नाव युनिक्समध्ये अतिप्राचीन. आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा जो दुभाषा, त्याचे हे नाव. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत तो स्टीफन बॉर्न ह्यांचा होता. डेबियनमध्ये त्या हुद्द्यावर कित्येक वर्षे ‘बॅश’ बसला होता. तो विद्वान, पण अंगाने जड. यंत्र सुरू होताना शेकडो वेळा त्याला उठवावे लागे, आणि त्यात वेळ जाई. म्हणून उबुंटूने २००६ साली व डेबियनने २०११ सालच्या सहाव्या आवृत्तीत त्या जागी ‘डॅश’ हा हलका दुभाषा बसविला. दोघेही तेच काम करतात; नियमाप्रमाणे अडचण येऊ नये. आली ती अशी, की लोकांनी वरती ‘एसएच’ लिहून खाली बॅशच्या खास लकबी वापरल्या होत्या. डॅशला त्या ठाऊक नव्हत्या. अशा कित्येक आज्ञापत्रांची तपासणी करण्यात वर्षे गेली. आणि ह्या बदलासाठी पर्यायांची पाटी वापरलीच नाही. एकाची फाईल बाजूला सारून दुसऱ्याची मांडण्याची ‘डायव्हर्शन’ नावाची निराळी रीत वापरली. ‘एसएच’ हा असा हुद्दा आहे, की तो क्षणभर रिकामा राहिला तरी यंत्राचा कारभार बंद पडतो. तो बसविणाऱ्या गाठोड्यांनाही बहुधा त्याचीच हाक मारावी लागते.

पायथन भाषेबाबतही डेबियनने पाटीचा मार्ग नाकारला. दुसरी पिढी १ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाली. तिची आणि तिसऱ्या पिढीची वाक्येच जुळत नाहीत. तरीही ‘पायथन३’ ह्या नावाला स्वतः पाटी लावून नवी उपआवृत्ती बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्हांलाही एकदा झाला. क्षणभर मोठी धन्यता वाटली. मग लक्षात आले, की यंत्रातील आज्ञा लिहिण्याची खिडकीच उघडेनाशी झाली आहे, कारण ती खिडकीही त्याच पायथनच्या आधारावर उभी होती. पाटी परत फिरविण्यासाठी खिडकी हवी, आणि खिडकीसाठी पाटी! सुटका झाली, पण एक संध्याकाळ खर्ची पडली.

आणखी एक उणीव मान्य केली पाहिजे. ही निवड अख्ख्या यंत्राची असते, एकेका माणसाची नव्हे. व्यवस्थापकाने विम ठरविला की पन्नास विद्यार्थ्यांना विम. ज्याला निराळे हवे त्याने आपल्या परिसरात ‘एडिटर’ हे चल मूल्य स्वतः लिहून ठेवावे. मोठ्या विद्यापीठांच्या यंत्रांवर ‘मॉड्यूल्स’ नावाची रीत ह्याच गरजेपोटी १९९१ पासून चालत आली आहे. तीत प्रत्येक जण आपल्यापुरती आवृत्ती उचलतो. एल्को डोल्स्ट्रा ह्यांनी नेदरलँडमध्ये, २००६ सालच्या आपल्या प्रबंधातून, तर मूळ नियमच मोडीत काढला. त्यांच्या ‘निक्स’मध्ये प्रत्येक गाठोड्याला बत्तीस अक्षरांची स्वतंत्र खूण आणि स्वतंत्र जागा, एका नावासाठी दोघे भांडतीलच कसे? तरी गंमत पाहा, शेवटी माणसाला टाइप करावयाचे ते ‘विम’ एवढेच असते, बत्तीस अक्षरे कोणी पाठ करीत नाही. म्हणून निक्सलाही प्रत्येकाच्या दारात पाट्या लावाव्या लागल्याच.

शेवटी पुन्हा त्या उणे शंभराकडे. एखाद्या यंत्रावर एड बसविलेला आहे, आणि व्यवस्थापकाने एकेक करून नॅनो, विम वगैरे सगळे संपादक काढून टाकले, असे समजा. प्रत्येक वेळी वही उघडते, उरलेल्यांतील मोठा अंक शोधते आणि पाटी फिरविते. अखेरीस एकटा एड उरतो, आणि उणे शंभर हाच तेथे सर्वांत मोठा अंक ठरतो. मग कोणी ‘एडिटर’ म्हणून हाक मारली, की १९६९ सालचा तो म्हातारा उठतो. आपण काही चुकीचे टाइप केले, तर तो एक प्रश्नचिन्ह छापतो आणि गप्प बसतो.